सैल गळा

सकाळी साडेदहाला विभाग कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर पत्त्याचा वर्ग भरायचा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारची खोली, दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलावर स्वरपट. शाळेच्या पाटीएवढा काळा पडदा आणि त्याला वायरने जोडलेला एक मऊ पट्टा. पट्टा गळ्याभोवती बांधायचा आणि आपला पत्ता मोठ्याने सांगायचा. पडद्यावरची रेघ हिरवी राहिली तर पास, तांबडी झाली तर उद्या परत या.

"या, नाईकवाडे आजी," रेवती साबणे म्हणाली. "घाई नाही. आधी पाणी प्या."

आजी पाणी प्यायल्या, पट्टा बांधून घेतला आणि आरती म्हणावी तसं एका दमात म्हणून टाकलं, "घर नंबर एक्केचाळीस, लोकाग्रणी दौलतरावजी इंगवले साहेब मार्ग, सावळापूर."

रेघ हिरवी राहिली.

"म्हणजे आता मला चक्कर आली तर गाडी येईल?"

"सहा मिनिटांत येईल, आजी."

"मग बरं. नाव काय, कुणाचंही असू दे मेल्याचं," असं म्हणत आजी चपला शोधायला लागल्या.

सावळापुरातल्या रुग्णवाहिका तीन वर्षांपासून चालकाविना धावत होत्या. त्यांना बोलावणारा आवाज माणसाचा आहे की यंत्राने बनवलेला, हे ओळखणं पहिल्याच वर्षी अशक्य होऊन बसलं. टवाळखोर घरबसल्या शेकडो बनावट आवाज तयार करायचे, गाड्या रिकाम्या पळायच्या आणि खरे रुग्ण दारात पडून राहायचे. फोन कुठून आला तेही खोटं दाखवता यायचं. त्यावर उपाय म्हणून स्वरखात्री आली. तिचं तत्त्व साधं होतं. माणूस कितीही घाबरलेला असो, आपल्या घराचा पत्ता सांगताना तेवढ्या शब्दांपुरता त्याचा गळा सैल पडतो, कारण ते शब्द त्याने जन्मभर सांगितलेले असतात. खोटं सांगणाऱ्याच्या गळ्यातले स्नायू मात्र आवळले जातात आणि कानाला ऐकू न येणारं एक कंपन आवाजात उतरतं. फोन उचलणारं यंत्र ते कंपन पकडायचं आणि गाडी सोडायचं नाही. खोटे फोन महिन्याभरात बंद पडले. स्वरखात्री इतकी पक्की ठरली, की जुने सगळे मदतक्रमांक काढून टाकण्यात आले.

मग कासारओढा रस्त्याचं नाव बदललं.

हयात माणसाचं नाव रस्त्याला देऊ नये, असा जुना संकेत होता. सर्वसाधारण सभेने तो पाच मिनिटांत बाजूला सारला. विरोधातल्या एका सदस्याने हरकत घेतली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मेल्यावर दिलं तर साहेबांना ऐकू कसं येणार?" सभागृह हसलं आणि ठराव मंजूर झाला. पहिल्याच महिन्यात त्या रस्त्यावरच्या चव्वेचाळीस घरांचे खरे फोन यंत्राने खोटे ठरवले. लोकांच्या जिभेला नाव नवीन होतं, गळा अडखळायचा. म्हणून हा वर्ग काढला आणि रेवतीला तिथे नेमलं. ती वाचाउपचार शिकलेली होती. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसांना बोलतं करण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. त्यापुढे पत्ता शिकवणं तिला फारच सोपं वाटलं. बहुतेकांना नुसत्या सवयीची गरज होती. चारपाच दिवसांत एकेकाची रेघ हिरवी व्हायची.

त्या दिवशी शेवटच्या खुर्चीवर एक उंच, वाकलेला माणूस बसला होता. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून हयात काढलेला रंगनाथ शेलोटे. मांडीवर रुग्णालयाच्या कागदांची पिशवी. त्याने पट्टा स्वतःच बांधला आणि म्हणाला, "घर नंबर अठरा, कासारओढा रस्ता, सावळापूर."

रेघ इतकी शांत होती, की रेवतीला वाटलं यंत्र बंद पडलंय. तेवढ्यात यंत्रातून बाईचा गोड आवाज आला, "क्षमा करा. असा रस्ता अस्तित्वात नाही."

"काका, नवीन नाव घ्यायचं."

"घर नंबर अठरा," तो म्हणाला. "लोका…" आणि रेघ पेटल्यासारखी वर उसळली. गळ्यातल्या शिरा पट्ट्याबाहेर दिसायला लागल्या. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. तिसऱ्या वेळी नाव पूर्ण बाहेर आलं, पण रेघ पडद्याच्या वरच्या कडेला चिकटून राहिली होती.

"मार्चमध्ये बायकोला धाप लागली," पट्टा सोडत तो म्हणाला. "तिचं हृदय तिसरा हिस्साच चालतंय. तीनदा फोन केला. तीनदा म्हणालं, आपण दिलेला पत्ता विश्वासार्ह नाही. शेवटी समोरच्या भाजीवाल्याच्या टेम्पोत घातली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा उशीर चालायचा नाही." त्याने पट्टा टेबलावर ठेवला. "बाई, मी प्रयत्न करत नाही असं समजू नका. नाव माहीत आहे मला. गळा ऐकत नाही."

बाकीचे गेल्यावर त्याने उरलेलं सांगितलं. सांगताना तो सारखा पिशवीचे बंद सारखे करत होता.

पाच वर्षांपूर्वी त्याची मुलगी जाई औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. दम्याचा झटका आला, रुग्णवाहिका आली, तेव्हा गाडीला चालक असायचा. ओढ्याच्या पुलावर पोलिसांनी दोर धरला होता. इंगवले साहेबांचा ताफा यायचा होता. अडतीस मिनिटं. रंगनाथ खाली उतरून हवालदाराच्या पाया पडला. मग ताफा आला, बेचाळीस गाड्या, त्यातल्या साहेबांच्या गाडीची काच खाली होती. रंगनाथ दोराखालून घुसून त्या काचेपर्यंत पोचला आणि ओरडला, "साहेब, पोरगी मरते माझी!" आत बसलेल्या माणसाला वाटलं असावं की कोणी जयजयकार करतंय. त्याने हसून हात जोडले. काच वर गेली.

दोर सुटला तेव्हा जाई गेली होती. आठवड्याने एका वार्ताहराने साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "जाणारा जातो हो. माझा ताफा काय यमाला निमंत्रण द्यायला गेला होता?" चौकशी अहवालात लिहिलं होतं, की मृत्यूचा आणि विलंबाचा संबंध सिद्ध होत नाही.

"तोच रस्ता," रंगनाथ म्हणाला. "आणि तीच गाडी. आता ती त्याचं नाव घेतल्याशिवाय येत नाही."

रेवती त्याच दुपारी विभाग अधिकारी मुळूकांकडे गेली. शेलोटेंना फक्त घर क्रमांक सांगू द्यावा, यंत्रात तेवढी एक दुरुस्ती करावी, एवढीच विनंती होती. मुळूकांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मॅडम, दुरुस्ती दहा मिनिटांची आहे," ते म्हणाले. "पण मग नोंद होते. अमक्या घराला साहेबांच्या नावातून सूट. ती यादी वर जाते. वरचे विचारतात, का? आज एकाला सूट दिली, तर उद्या अर्धा रस्ता गळा धरून बसेल." त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात साहेबांचा सत्तरावा वाढदिवस. त्याआधी रस्ता शंभर टक्के पाहिजे. सगळ्या रस्त्यावर हे एकच घर उरलंय. तुम्ही तर मुक्यांना बोलायला लावता म्हणे."

रेवतीला त्यांचा राग आला. पण जिना उतरताना तिच्या डोक्यात उपाय घोळायला लागला होता, हेही खरं. अवघड रुग्ण समोर आला की तिचं असंच व्हायचं.

अठरा नंबरचं घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या, खिडकीला लागूनच बसथांबा. सिंधूताई दोन उशांना टेकून बसलेल्या होत्या. बाई कशाला आल्यात हे कळताच त्यांनी हात वर केला.

"शिकवू नका त्यांना. त्या माणसाचं नाव या घरात घेतलं, तर मी इथलं पाणी पिणार नाही."

"अहो सिंधूताई, तुमच्यासाठीच…"

"माझ्यासाठी नको. मी जाईन तशी जाईन. माझी पोर त्या दोराला टेकून गेली, मी काय त्याच्या नावावर जगू?" एवढ्या बोलण्याने त्यांना धाप लागली. रंगनाथ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि बायकोच्या डोक्यावरून रेवतीकडे बघत राहिला. त्या नजरेत काय होतं ते रेवतीला समजायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला जातो असं सांगून तो वर्गात आला.

"काका," रेवतीने विचारलं, "कुणाला हाक मारताना तुमचा गळा अगदी मोकळा असतो?"

त्याने पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाला, "जाईला. ती समोरच्या मैदानात असायची. मी कामावरून आलो की खिडकीतून हाक मारायचो. जेवायला ये म्हणून."

"मारा तशी."

"इथं?"

"इथंच. पट्टा बांधून."

"जाईऽ," तो म्हणाला. "ये गं."

पडद्यावर हिरवी रेघ टेकडीसारखी हळूच वर गेली आणि तितक्याच हळू उतरली. पंधरा वर्षांत रेवतीने इतका सैल गळा पाहिला नव्हता. उपाय सापडला होता. वाचा गेलेल्या माणसाला एखादा शब्द जमत नसला, की तो शब्द त्याच्या आवडत्या गाण्याच्या चालीवर बसवायचा, हे जुनं तंत्र. मेंदूत एक वाट आधीच रुळलेली असते, नव्या शब्दाला त्या वाटेवरून न्यायचं. इथे चाल तयार होती.

"आता मनात तिलाच हाक मारायची," ती म्हणाली. "ती मैदानातून येतेय, तिला बघायचं. फक्त तोंडाने दुसरे शब्द."

रंगनाथने तिच्याकडे पाहिलं. "दुसरे म्हणजे ते?"

"ते."

पहिल्या दिवशी तो मधूनच उठला आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उलटी केली. रेवतीने त्याला रुमाल दिला आणि पुन्हा पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी त्याने 'लोकाग्रणी' एवढं चालीवर बसवलं. चौथ्या दिवशी नाव आलं, पण आडनावाशी रेघ पेटायची. रेवती म्हणायची, "आता ती फाटकातून आत आली. आता चप्पल काढतेय. तिच्याकडे बघा, शब्दांकडे बघू नका." तो डोळे मिटून बघायचा. दिवसातून साठ वेळा, सत्तर वेळा. सातव्या दिवशी त्याने विचारलं, "बाई, हे नंतर सुटेल ना? एकाला दुसरं चिकटून नाही बसणार?"

असे चिकटून बसलेले शब्द रेवतीने पाहिले होते. पाणी मागायचं असताना गाण्याची ओळ म्हणणारे रुग्ण तिने पाहिले होते.

"नाही चिकटत," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी रंगनाथने पूर्ण पत्ता सांगितला. रेघ टेकडीसारखी वर गेली आणि उतरली. यंत्राने शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले. मुळूक खाली येऊन स्वतः बघून गेले. रंगनाथने परीक्षेच्या फॉर्मवर सह्या केल्या. त्यात एक ओळ होती, की सदर ध्वनिमुद्रण सार्वजनिक कामासाठी वापरण्यास हरकत नाही. ती ओळ त्याने वाचली नाही. रेवतीने वाचली होती, पण असल्या फॉर्मांत ती नेहमीचीच असते असं तिला वाटलं.

नऊ दिवसांनी, दुपारी जेवणं झाल्यावर, सिंधूताईंना धाप लागली. ओठ निळे पडले. रंगनाथने फोन उचलला आणि पत्ता सांगितला. सहा मिनिटांनी पांढरी गाडी दारात उभी होती.

रेवती तिसऱ्या दिवशी रुग्णालयात भेटायला गेली. सिंधूताईंच्या नाकाला नळी होती. रंगनाथ बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता. आत का बसत नाही, असं तिने विचारलं, तर तो नुसता हसला.

"तुम्ही शिकवलंत?" सिंधूताईंनी विचारलं.

"हो."

"मला कळेना बाई. श्वास जात होता, डोळ्यांपुढे अंधार येत होता, आणि मला ऐकू आलं, हे पोरीला हाक मारतायत. तीच हाक. मला वाटलं, आली. न्यायला आली मला." त्यांनी दम घेतला. "मी दाराकडे बघितलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आणि मग शब्द कळले."

ती म्हणाली, "त्यांनी तुमचा जीव वाचवला, सिंधूताई."

"वाचवला खरा," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

सिंधूताई घरी आल्या त्या दिवशी बसथांब्यावरचा आवाज बदलला होता. आधी तिथे यंत्राच्या बाईचा आवाज असायचा. वाढदिवसानिमित्त रस्त्यावरच्या सात थांब्यांना तिथल्याच एका नागरिकाचा आवाज द्यायचं ठरलं होतं आणि निवड यंत्राने केली होती, सर्वांत जास्त गुणांची. बस आली की खिडकीखालून रंगनाथचा आवाज यायचा, "लोकाग्रणी दौलतरावजी इंगवले साहेब मार्ग." मैदानातून कुणाला तरी जेवायला बोलवावं, तसा. लोक थांबून ऐकायचे. एक बाई म्हणाली, आपल्याला रडूच आलं. सकाळी सहापासून दर बारा मिनिटांनी एक बस होती.

रंगनाथने खिडकी बंद केली. आवाज तरीही यायचा. रेवतीने अर्ज दिला. मुळूक म्हणाले, "मॅडम, ते ध्वनिमुद्रण साहेबांनी स्वतः ऐकलंय. दोनदा लावायला सांगितलं. आता ते काढायची कुणाची हिंमत आहे?" मग जरा अभिमानाने म्हणाले, "येतायत ते. वाढदिवशी. शेलोट्यांच्या घरी."

साहेब आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. रस्ता झाडून, पाणी मारून ठेवला होता. पोलिसांनी पुलावर दोर धरला होता. अठरा नंबरच्या बाहेरच्या खोलीत साहेब, मुळूक, दोन कार्यकर्ते, एक छायाचित्रकार आणि रेवती एवढी माणसं कशीबशी मावली. सिंधूताई आतल्या खोलीत होत्या. दार उघडंच होतं.

दौलतराव इंगवले रेवतीच्या कल्पनेपेक्षा म्हातारे निघाले. हात थरथरत होते, काठी टेकत चालत होते. ते खुर्चीत बसले आणि रंगनाथकडे बघतच राहिले. त्यांना काही आठवल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. रेवती ते शोधत होती, म्हणून तिला खात्रीने सांगता आलं असतं.

"शेलोटे," ते म्हणाले, "पन्नास वर्षं राजकारण केलं मी. माझ्या नावाचा जयजयकार ऐकला, शिव्याही ऐकल्या. पण तुम्ही घेता तसं माझं नाव कुणी घेतलं नाही. माझी आई जाऊन साठ वर्षं झाली, ती घ्यायची. घरी आता मुलगे असतात, सुना असतात, साहेब म्हणतात. हे असं कुणी नाही." त्यांचा आवाज चिरकला. तो अभिनय नव्हता. "का हो? मी काय केलं तुमच्यासाठी?"

रंगनाथ उभा होता. त्याने हा दिवस येणार हे कळल्यापासून काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, हे रेवतीला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तो वर्गात येऊन म्हणाला होता, मी त्याला काही करणार नाही. शिवी देणार नाही. फक्त तिचं नाव सांगेन, आणि पूल सांगेन, आणि अडतीस मिनिटं सांगेन. त्याला ऐकायला लावेन.

"एक मुलगी होती मला," रंगनाथ म्हणाला.

आतल्या खोलीत पलंग करकरला. सिंधूताई उठून दारापर्यंत आल्या होत्या.

"होती?" साहेबांनी विचारलं. "अरेरे. नाव काय तिचं?"

रंगनाथने डोळे मिटले. त्याचा चेहरा एकदम मऊ पडला, गळ्याच्या शिरा सैल झाल्या. त्याने मैदान बघितलं असावं, फाटक बघितलं असावं. मग त्याचं तोंड उघडलं आणि तो त्या मायेने म्हणाला,

"लोकाग्रणी दौलतरावजी इंगवले साहेब…"

'मार्ग' हा शब्द त्याने तोंडावर हात दाबून अडवला. डोळे उघडले होते आणि त्यांत जे होतं ते रेवतीला बघवेना. त्याने हात काढून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा तेच.

मग एका कार्यकर्त्याने टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. "पोरीच्या जागी मानतो साहेबांना!" तो कार्यकर्ता म्हणाला. छायाचित्रकाराने पाच-सहा छायाचित्रं काढली. दौलतरावांनी डोळे पुसले, उठून रंगनाथला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली. ते निघाले तेव्हा बाहेर बस येऊन थांबली होती आणि तोच आवाज पुन्हा एकदा रस्त्यावर ऐकू आला. साहेब गाडीत बसण्याआधी थांबले आणि शेवटपर्यंत ऐकून मगच आत बसले.

रेवतीने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मुळूकांनी तो आनंदाने घेतला, कारण रस्ता शंभर टक्के झाला होता आणि आता शिकवण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. स्वरपट मात्र तिने परत केला नाही. पिशवीत घालून ती अठरा नंबरला गेली.

रंगनाथ पलंगाच्या कडेला बसला होता. कालपासून तो बोललाच नव्हता. कुठलं नाव बाहेर येईल याची भीती वाटत होती त्याला. रेवतीने त्याच्या गळ्याला पट्टा बांधला आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'जाई' असं लिहून तो त्याच्यासमोर धरला.

"नुसतं वाचा, काका. हाक मारू नका. कुणाकडे बघू नका. पेपर वाचतो तसं."

त्याने खूप वेळ कागदाकडे पाहिलं. ओठ हलले. मान ताणली गेली, शिरा वर आल्या आणि दोन अक्षरं ओरखडल्यासारखी बाहेर पडली.

"जा… ई."

पडद्यावरची रेघ तांबडी होऊन वरच्या कडेला चिकटली. यंत्रातून बाईचा तो गोड आवाज आला, "क्षमा करा. आपण जे सांगता आहात ते विश्वासार्ह नाही."

रेवतीने घाईघाईने आवाज बंद केला. रंगनाथने पट्टा सोडला, नीट गुंडाळून टेबलावर ठेवला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. नळाचं पाणी बराच वेळ पडत राहिलं.

सिंधूताई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी तो कागद उचलला, त्यावरून हात फिरवला आणि रेवतीकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात पुढची तारीख विचारावी, तसा तो आवाज होता.

"बाई, त्याचं नाव शिकवायला तुम्हाला अकरा दिवस लागले," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीचं परत शिकवायला किती लागतील?"